मनगटापर्यंत न आलेले ठोके

डॉक्टरांनी मावशीच्या छातीवर स्टेथो ठेवला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुम्ही हिचा हात धरा. अंगठा लावायचा नाही, त्यात तुमचीच नाडी लागेल. मधली बोटं ठेवा. मी 'चला' म्हटलं की मनात मोजायचं, पूर्ण मिनिटभर." मावशीच्या हिरव्या बांगड्या कोपराकडे सारल्या, तरी दोन खाली घरंगळल्याच. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बारावर आला आणि आम्ही दोघं एकाच बाईचं एकच हृदय दोन जागी मोजायला लागलो. बोटांखाली जे काही चाललं होतं त्याला कुठलाच ठेका नव्हता. दोन ठोके लगबगीनं, मग एक दमदार, मग काहीच नाही, मग इतका पुसट एक की तो धरायचा की सोडायचा हे ठरवेपर्यंत पुढचे तीन निघून गेलेले. मिनिट संपलं. मी म्हटलं, ८८. ते म्हणाले, ११२. पुन्हा मोजलं. आकडे थोडे इकडेतिकडे झाले, फरक मात्र जवळपास तेवढाच राहिला. "दोघांचंही बरोबर आहे," असं म्हणून त्यांनी कागदावर एकाखाली एक दोन्ही आकडे लिहिले आणि वजाबाकीची रेघ ओढली.

चोवीस ठोके पडले होते, आणि मनगटाला त्यांचा पत्ता नव्हता.

मावशीला त्या वजाबाकीचं काही नव्हतं. तिची तक्रार साधी होती. कणीक तिंबताना दम लागतो, वाड्याचा जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागतं, आणि रात्री डाव्या कुशीवर वळलं की छातीत फडफड होते. बाकी ठणठणीत. याआधी एका ठिकाणी तिला दाखवलं होतं. तिथे बोटाला चिमटा लावला, त्यावर पल्स ७९ उमटली, कुणीतरी '७९' असं लिहून घेतलं आणि ॲसिडिटीची गोळी मिळाली. चिमट्याचा आकडा मिनिटभरात ७९ चा ९६ आणि ९६ चा ८३ होत होता, ते मलाही दिसत होतं. पण मशीन आहे, हलत असेल, असं म्हणून आपण सोडून देतो. रविवार कारंज्याजवळच्या या जुन्या दवाखान्यात आम्ही आलो ते केवळ काकांच्या हट्टामुळे. "आधी त्यांना हात दाखवू," एवढंच ते म्हणत राहिले. खाली रस्त्यावर रिक्षांचा कलकलाट, आत डेटॉलचा आणि जुन्या कागदांचा वास, आणि त्या सगळ्यात एक मिनिट काहीही न बोलता हात धरून बसलेला माणूस. मला त्या मिनिटात अवघडल्यासारखं झालं. आजकाल डॉक्टर इतका वेळ गप्प राहिले की काहीतरी वाईट निघणार असंच वाटतं.

निघालं ते वाईट होतं, पण फार वाईट नव्हतं. ईसीजीनं शिक्कामोर्तब केलं: एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरत असतात. त्या थरथरीतून खालच्या कप्प्यांपर्यंत इशारे येतात ते कसेही, कधीही. एखादा ठोका इतका लवकर पडतो की खालचा कप्पा रक्तानं भरलेलाच नसतो. तो आवळला जातो, झडपेचा आवाज स्टेथोत ऐकू येतो, पण बाहेर पडतं ते चमचाभर रक्त. त्या एवढ्याशानं उठलेली लाट हातापर्यंत येताना विरून जाते. कधी तर पुढची झडप उघडतसुद्धा नाही. ठोका पडला, काम झालं, आणि पोचलं काहीच नाही. हे डॉक्टरांनी इतक्या कोरडेपणानं सांगितलं की मावशीनं विचारलं, "मग ते ठोके फुकट गेले का?" डॉक्टर हसले. "फुकटच नाही, त्या ठोक्यांनी हृदय दमतं ते वेगळं."

नाडीला रक्ताचा प्रवाह समजायची आपली सवय आहे, आणि माझीही तीच समजूत होती. मनगटाला लागतो तो प्रवाह नव्हे, दाबाची लाट. रक्त स्वतः महाधमनीतून सेकंदाला सरासरी वीसेक सेंटिमीटरनं सरकतं. लाट मात्र रोहिण्यांच्या भिंतींमधून सेकंदाला पाच ते दहा मीटर धावते, आणि वय वाढून भिंती ताठर झाल्या की आणखी वेगानं. नाशिककराला हे समजायला अवघड जाऊ नये. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं शहर एकच विचारतं: गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, की गळ्याला? धरणावर जाऊन बघायची गरज नसते. वर दरवाजे किती उघडले ते मारुती खाली सांगतो. पण थोडं थोडं पाणी सोडलं तर मारुतीला त्याची खबरही लागत नाही. ते होळकर पुलाखालून निघून जातं आणि घाटावरचे लोक कपडे धूत राहतात. मनगट हा तसा मारुती आहे. त्याला फक्त येऊन पोचलेलं कळतं. छातीला कान लावणाऱ्याला फक्त सुटलेलं कळतं. दोन्ही एकदम मोजल्याशिवाय मधे काय हरवलं ते कुणालाच कळत नाही. त्या दवाखान्यात मला हात धरायला लावला तो त्यासाठी. एकट्यानंही हे करता येतं म्हणे, पण दोन माणसं हवीत हे मला आवडलं.

लहानपणी आमच्या वाड्यात आजीला बघायला पंचवटीतून एक वैद्य यायचे. काळा कोट, धोतर, आणि पायांत करकर वाजणाऱ्या वहाणा. ते आले की आम्हा पोरांना ओसरीवर गप्प बसवलं जायचं, समोर तांबट लेनकडून येणारी ठकठक मात्र कुणाच्या बापाला थांबवता यायची नाही. ते आजीच्या मनगटावर ओळीनं तीन बोटं ठेवायचे. बाईचा डावा हात, पुरुषाचा उजवा. डोळे मिटायचे. आजी एरवी कुणाचं ऐकून घेणारी नव्हती, पण त्या वेळी तीही डोळे मिटायची. नंतर त्या बोटांतून काय काय बाहेर पडायचं! परवा रात्री वांगं खाल्लंत. मनात कसलीशी काळजी आहे. पित्त वर चढलंय. आई ओट्याशी उभी राहून हळूच हसायची, कारण आमच्या घरात परवा रात्री वांगंच होणार हे सांगायला नाडी लागत नव्हती.

शार्ङ्गधर संहितेत नाडीच्या चाली सांगितल्या आहेत. वाताची नाडी साप आणि जळवेसारखी, पित्ताची कावळ्या-बेडकासारखी उड्या मारणारी, कफाची हंस आणि पारव्यासारखी संथ. तिन्ही दोष बिघडले तर लावा आणि तित्तिर पक्ष्यांसारखी. मी तित्तिर चालताना पाहिला आहे, गंगापूर धरणाच्या मागच्या अंगाला, हरभऱ्याच्या शेतात. तो पळतो, थबकतो, पुन्हा तुरुतुरु पळतो, कुठे थबकेल याचा नेम नाही. मावशीचा हात धरल्यावर मला त्याची आठवण झाली हे खरं. तीन बोटांखाली तीन दोष वेगवेगळे लागतात यावर माझा विश्वास नाही, आणि मनगटावरून परवाचं वांगं कळतं यावर तर नाहीच. पण सात-आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी पुष्कळ हात धरले असणार, पुष्कळ वेळ धरले असणार, याबद्दल मला शंका नाही. त्याच ग्रंथात पुढे म्हटलंय की थांबून थांबून चालणारी नाडी प्राणघातक. त्या काळी ते खरंही असेल. आज तशीच नाडी घेऊन मावशी भाजी निवडत बसली आहे आणि मेथी महाग झाली म्हणून कुरकुरते आहे. निरीक्षण पक्कं, भाकीत कालबाह्य, असं बहुतेक जुन्या ज्ञानाचं होतं. दोन्हींना एकाच तागडीत टाकणाऱ्यांचा मला कंटाळा येतो, मग ते जुनं सगळं डोक्यावर घेणारे असोत की सगळं फेकून देणारे.

त्यानंतर काही आठवडे मला मनगटांचं वेडच लागलं. जो भेटेल त्याचा हात धरायचा. भाचीचा धरला तर श्वास आत घेताना तिची नाडी भरभर आणि सोडताना सावकाश. मी घाबरले. डॉक्टरांनी हसून सांगितलं, तरुण माणसात असंच असायला हवं. याच्या उलट एक प्रकार आहे, तो मात्र हसण्यावारी न्यायचा नाही. श्वास आत घेताना नाडी दुबळी होत होत नाहीशी होते. १८७३ मध्ये कुसमाउल नावाच्या जर्मन डॉक्टरांनी त्याला विरोधाभासी नाडी म्हटलं, कारण छातीत हृदय ऐकू येत होतं आणि मनगटात ते बेपत्ता होतं. श्वास घेताना वरचा दाब थोडा उतरणं सगळ्यांच्यात असतं. तो पाऱ्याच्या १० मिलिमीटरहून जास्त उतरला तर हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साचून ते आवळलं गेलं असेल, किंवा दम्याचा जबरदस्त झटका असेल. म्हणजे इथेही तेच, आत ठोका आहे आणि बाहेर लाट नाही. त्याच सुमाराला, १८७२ मध्ये, बर्लिनच्या ट्राउबे यांनी आणखी एक चाल टिपली. ठेका अगदी नियमित, पण एक ठोका जोरकस, दुसरा कमजोर, पुन्हा जोरकस, पुन्हा कमजोर. घाईत मोजणाऱ्याला आकडा बिनचूक मिळतो, म्हणूनच हा प्रकार निसटतो. बीपीच्या पट्ट्यातली हवा अगदी हळू सोडली तर तो सापडतो: आधी एकाआड एक ठोके ऐकू येतात आणि थोडं खाली आल्यावर एकदम दुप्पट. हृदयाचा डावा कप्पा थकून गेल्याची ती खूण. थकलेला माणूसही रोज कामावर वेळेवर हजर राहतोच की.

आणि मग कॉरिगन. डब्लिनमध्ये १८३२ साली या डॉक्टरांनी लिहिलं की महाधमनीची झडप गळत असली तर मानेवरच्या आणि हातांवरच्या रोहिण्या उडताना नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. बाहेर फेकलेलं रक्त झडपेतून मागे येतं, म्हणून लाट झपकन चढते आणि झपकन कोसळते. रोग्याचा हात वर उचलून धरला की ती आणखी स्पष्ट लागते. काहींची मान प्रत्येक ठोक्याबरोबर हलकेच डुलते, आणि मुसे या फ्रेंच कवीची तशी डुलत असे म्हणून त्या लक्षणाला त्याचं नाव पडलं. हे वाचल्यावर एका संध्याकाळी रामकुंडाजवळ एक म्हातारेबुवा मान डोलवताना दिसले. मी बराच वेळ त्यांच्या मानेकडे आणि गळ्याच्या शिरेकडे बघत उभी राहिले. शेवटी लक्षात आलं की पलीकडे भजन चाललंय आणि बुवा मृदंगाच्या समेवर दाद देताहेत. अर्धवट ज्ञानाचे हे असे प्रताप.

झडप गळण्याऐवजी अरुंद झाली असेल तर उलट होतं. नाडी लहान लागते आणि रेंगाळत वर येते, बोटाखाली उशिरा फुगते. डॉक्टरांनी यातली एक गोम सांगितली. म्हाताऱ्या माणसांच्या रोहिण्या इतक्या ताठर झालेल्या असतात की ती रेंगाळ झाकली जाते आणि नाडी चांगलीच आहे असं वाटतं. म्हणून ते नुसत्या बोटांवर विसंबत नाहीत, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला पाठवतात. मावशीलाही पाठवलं. त्याआधी तिला विचारलं होतं, लहानपणी घसा दुखून मग सांधे सुजायचे का? आपल्याकडे झडपा बिघडण्याची सुरुवात पुष्कळदा तिथून, वाताच्या तापातून होते. मावशी म्हणाली, लहानपणी आम्हाला आजारी पडायला वेळ कुठे होता. इकोत झडपा ठीक निघाल्या, डावा वरचा कप्पा मात्र ताणून मोठा झालेला होता. वर्षानुवर्षांचं बीपी, आणि गोळी आठवेल तेव्हा घ्यायची पद्धत.

नाडी दोन्ही हातांची बघायची असते हेही मला याच फेऱ्यांत कळलं. १९०८ साली ताकायासू नावाच्या जपानी नेत्रतज्ज्ञांनी एका तरुण बाईच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची विचित्र कडी पाहून ती डॉक्टरांच्या एका सभेत मांडली. त्याच सभेत दुसऱ्या दोघा डॉक्टरांनी अशाच रोग्यांच्या मनगटात नाडी लागत नसल्याचं सांगितलं. मोठ्या रोहिण्यांच्या भिंतींना सूज येऊन त्या बुजत जातात. हा आजार तरुण बायकांत जास्त, आणि आशियात जास्त. बाईचा डावा आणि पुरुषाचा उजवा हात धरून बसलं तर अर्ध्या रोगांशी भेटच व्हायची नाही. जन्मतः महाधमनी अरुंद असलेल्या मुलांमध्ये तर एक हात मनगटावर आणि दुसरा जांघेत ठेवावा लागतो. खालची लाट उशिरा आणि दमलेली येते. बीपी वाढलेल्या पोरांत हे तपासायला दहा सेकंद लागतात. ते दहा सेकंद कितीजण देतात, हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला तेव्हा त्यांनी बाहेरच्या बाकाकडे बोट केलं. बाकावर अकरा माणसं होती आणि दोन दारात उभी. त्यामुळे माझा राग कुणावर काढावा हे मला कळेनासं झालं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं हे गर्दीनं शिकवलेलं गणित आहे. नियमित नाडीला ते चालतं. मावशीच्या नाडीत पहिल्या पंधरा सेकंदांना पुढच्या पंधराशी काही देणंघेणं नसतं.

मिनिट तरी कधीपासून मोजायला लागले? इंग्लंडच्या जॉन फ्लॉयर यांनी १७०७ मध्ये नाडी मोजण्यासाठी मिनिटभर चालणारं खास घड्याळ वापरायचा आग्रह धरला. त्याआधी सगळा भर चालीवर, नंतर हळूहळू आकड्यावर. मला सगळ्यात जवळचे वाटले ते जेम्स मॅकेन्झी. इंग्लंडमधल्या बर्नली या कापडगिरण्यांच्या गावात ते साधी प्रॅक्टिस करत. मानेची शीर आणि मनगटाची नाडी एकाच कागदावर शाईनं उमटवणारं यंत्र त्यांनी करून घेतलं आणि त्याच त्याच रोग्यांच्या रेघा वर्षानुवर्षं काढत राहिले. एका बाईची नाडी अचानक बेताल झाली तेव्हा त्यांनी तिच्या जुन्या रेघा काढून शेजारी ठेवल्या. वरच्या कप्प्याच्या आकुंचनाची जी छोटी लाट आधी दिसायची, ती नव्या कागदावर नव्हतीच. १९०९ च्या सुमारास ईसीजीनं त्या बेतालपणाचं नेमकं कारण दाखवलं. पण कोडं पकडलं होतं ते एकाच बाईला अनेक वर्षं बघणाऱ्या गावातल्या डॉक्टरांनी. भाचीच्या मनगटावरचं घड्याळ आज हेच काम हिरव्या उजेडात करतं आणि बेताल वाटलं तर सूचना देतं. माझी त्याबद्दल तक्रार नाही. ७९ चा ९६ होताना बघून मान वळवणाऱ्यांत मीही होते; ते घड्याळ निदान मान वळवत नाही.

मावशीच्या उपचारांत नाडी पुन्हा ठेक्यात आणायचा प्रयत्न झाला नाही. "ताल राहू दे, वेग आवरू," असं डॉक्टर म्हणाले. खरी भीती वेगळीच होती. वरचा कप्पा नुसता थरथरत राहिला की रक्त कोपऱ्यात साकळतं, गुठळी होते, ती निघाली की थेट मेंदूत. अशा माणसांना पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी, आणि त्या गोळीची मावशीला प्रचंड धास्ती. विळीवर बोट कापलं तर थांबेल का, दात काढायचा झाला तर? ती प्रश्न विचारते, उत्तर ऐकते आणि पुन्हा तोच प्रश्न विचारते. वेग आवरायला दोन गोळ्या, त्यातली एक डिजॉक्सिन. डिजिटॅलिसच्या पानांतून आलेलं औषध. १७८५ मध्ये विदरिंग यांनी त्याचा अभ्यास लिहिला तो एका खेडवळ म्हातारीच्या काढ्यावरून. ही हकिगत सांगितल्यावर त्या एका गोळीबद्दल मावशीचं मत एकदम बरं झालं. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी पुन्हा मला हात धरायला लावला. वजाबाकी आता सहावर आली होती. जिन्याच्या मधल्या पायरीवर बसणं थांबलं.

डिजॉक्सिन देण्याआधी रोज सकाळी नाडी मोजायची, साठच्या खाली आली तर गोळी द्यायची नाही, फोन करायचा, असा नियम आहे. हे काम काकांनी आपल्याकडे घेतलं. जुनं किल्लीचं घड्याळ पुसून ठेवलं आहे आणि दिनदर्शिकेच्या चौकोनांत ते रोज आकडा लिहितात. सोमवारी मी गेले तेव्हा आकडा ५८ आला होता आणि घरात वाद पेटला होता. काकांचं म्हणणं, मधले दोन बारीक ठोके त्यांनी धरले नव्हते, ते धरले तर साठ होतात, गोळी द्यायला हरकत नाही. मावशीचं म्हणणं, अठ्ठावन्न म्हणजे अठ्ठावन्न, हिशेब जुळवायला हा काय किराणा आहे? काका म्हणाले, पुन्हा मोजतो. मावशीनं हात मागे घेतला आणि माझ्यापुढे केला, "तू मोज, यांचा भरवसा नाही." मी बोटं टेकवली. काका घड्याळ हातात धरून उभे, मावशी त्यांच्याकडे रागानं बघत. मिनिट संपलं तेव्हा मी ५७ म्हटलं, आणि काका फोन शोधायला लागले.